शेरा: बंद घर

नळ दोनदा खाकरला आणि घरातली शांतता मोडली. पाणी आलं होतं, पण रुकसाना उठली नाही. रविवारची सकाळ. नवरा ड्युटीवर गेलेला. दुसरीतली लेक आयेशा फरशीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. रुकसानाच्या मांडीवर धायरीच्या कालव्याकडच्या वस्तीचा अहवाल होता. शेवटच्या पानावर तिच्या सहीची जागा तेवढी रिकामी.

वस्ती उठणार होती. यादीत जो पात्र, त्याला पक्कं घर मिळणार होतं. पण जुन्या सर्व्हेत एकशे चौदा नावांपुढे शेरा होता, ‘बंद घर’. म्हणजे तिथे कोणी राहत नाही. म्हणजे बाद.

फोन वाजला. ती काम करत असलेल्या संस्थेच्या प्रमुख, राजनंदिनी मॅडम.

“झाली का सही? की मुहूर्त काढायचाय?”

“मॅडम, ही घरं बंद नव्हती. सर्व्हे झाला सकाळी अकराला. त्या वेळी तिथल्या बायका दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. मथुराबाई तिथे बावीस वर्षं राहतायत. दाराला कुलूप दिसलं म्हणून त्या राहतच नाहीत?”

“अगं, हे तू मला शिकवणार?” मॅडमचा आवाज कोरडा झाला. “घरोघर फॉर्म भरत फिरणारी पोरगी होतीस. आज धोरण समितीसाठी तुझं नाव गेलंय. तिथे बसलीस तर शंभर वस्त्यांचे नियम बदलशील. एवढ्यासाठी ते घालवू नकोस.”

बोलणं खोटं नव्हतं. त्या जागेसाठी रुकसानानं एका हातानं पाळणा हलवत दुसऱ्या हातात कायद्याची पुस्तकं धरली होती. लेकीचा पहिला दात आला तेव्हा ती परीक्षेला बसली होती.

“तिथे बसून पहिला नियम हाच बदलायचाय ना मॅडम? मग आजच बदलते.”

“आणि समितीला काय सांगू?”

“सांगा, रुकसाना सापडली नाही. माझ्याही नावापुढे मारा शेरा.”

“पस्तावशील,” एवढंच बोलून मॅडमनी फोन ठेवला.

रुकसानानं पेन उचललं. सहीच्या जागेवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘मान्य नाही. ही सर्व घरं संध्याकाळी सातनंतर पुन्हा तपासावीत.’ खाली पूर्ण नाव. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. तेवढ्यात बादली भरून वाहू लागली, तशी ती मोरीकडे धावली.

परत आली तर आयेशा अहवालाला जोडलेली सर्व्हेची पिवळी पडलेली पानं उलटत होती. एक बोट जुन्या शेऱ्यावर, दुसरं आईनं आत्ता लिहिलेल्या ओळीवर.

“अम्मी, हे ‘बंद घर’ पण तूच लिहिलंयस ना? तुझा ‘घ’ असाच असतो. माझ्या वहीवर काढतेस तसा.”

रुकसाना तिच्याशेजारी फरशीवर बसली. लेकीच्या केसांवरून हात फिरवत तिनं मान हलवली. हो.

आयेशानं थोडा विचार केला.

“मग मथुराआजी संध्याकाळी घरी आल्यावर तू परत का नाही गेलीस?”