शेजारची खोली

पुरात घरं गेलेल्यांनी शाळेच्या हॉलमध्ये खडूने आपली गल्ली आखली होती. ज्याची खोली जिथे, त्याची सतरंजी तिथे. दारं ठेवली, भिंती ठेवल्या, आणि भिंतीवरून भांडणंही पहिल्यासारखीच सुरू झाली. फक्त इस्त्रीवालीच्या शेजारचा चौकोन रिकामा होता. तो तिच्या धाकट्या बहिणीचा. पाणी शिरलं त्या दिवसापासून बहिणीचा पत्ता नव्हता. लोक त्या चौकोनाला वळसा घालून जात.

आज नवीन बाई आली. नखशिखांत भिजलेली, कडेवर तापाने फणफणलेलं पोर.

"ताई, एवढीच जागा उरलीय," छावणीचे मास्तर म्हणाले.

"उरलीय कुठे? तिथे माझी बहीण राहते."

"राहते?" पलीकडचा गवंडी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

इस्त्रीवाली तडक जाऊन त्या चौकोनात बसली. तिथे दुसऱ्या कुणाची पथारी पडली की संपलंच. मग बहीण हरवलेली राहणार नव्हती, गेलेली होणार होती.

"मला आधी उचलून बाहेर फेका," ती किंचाळली, "मग काय हवं ते करा!"

कुणी जागचं हललं नाही. नवी बाई म्हणाली, "राहू दे ताई, मी जिन्यात बसते." आणि गेली.

जिना गळत होता. थोड्या वेळाने तिकडून पोराचा खोकला ऐकू येऊ लागला. कोरडा, थांबता थांबेना असा. इस्त्रीवालीने कानांवर हात ठेवले, तरी तो ऐकू येतच होता. शेवटी ती उठली, ओढणीने चौकोन कोरडा पुसला, शेजारी आपल्या सतरंजीवर गेली आणि जिन्याकडे बघून ओरडली, "ये गं बाई! पण ती आली की लगेच उठायचं. आधीच सांगून ठेवते."

"हो ताई, लगेच."

बाई घाईघाईने आली आणि सरळ रेघ ओलांडू लागली.

"अगं, भिंतीतून काय येतेस!" इस्त्रीवालीचा आवाज फाटला. "दार तिकडून आहे."

बाई चपापली. मागे फिरली, वळसा घालून दाराच्या जागी गेली, चपला काढल्या आणि हळूच म्हणाली, "आत येऊ का?"

सगळा हॉल जिवाचा कान करून थांबला.

आतून कुणी ओ दिली नाही.