सत्काराचं शून्य

"महिनाभरात आपल्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर एकही हल्ला झालेला नाही!" आमचे आयटीप्रमुख गुंजाळ साहेब पडद्यावरचं भलंमोठं शून्य विश्वस्तांना दाखवत होते. सत्काराची शाल टेबलावर तयार होती. तिचा रंगही साहेबांनीच कळवला होता म्हणे.

हे शून्य आलं कुठून, ते मला सकाळीच कळलं होतं. बाहेरून सर्व्हरकडे येणारी माहिती कुलूपबंद असते. आमच्या फायरवॉलकडे सर्व्हरच्या किल्लीची नक्कल असते. ती कुलूप उघडते, आत काही घातक नाही ना बघते, मगच पुढे सोडते. महिन्यापूर्वी साहेबांनी सर्व्हरची किल्ली बदलली, पेढे वाटले आणि फायरवॉलला नवी किल्ली द्यायला विसरले. तेव्हापासून ती काहीही न उघडता सगळं आत सोडत होती. दिसतच नाही, तर मोजणार काय, कपाळ?

"साहेब, फायरवॉल आंधळी झालीय," मी हळूच सांगितलं.

"सत्कार झाल्यावर बघू हो, निगडे मॅडम. कशाला अपशकुन करता?"

आत पेशंटांचे रिपोर्ट, आणि ह्यांना शाल हवी! मी तिथेच लॅपटॉप उघडून नवी किल्ली घातली. शून्य गेलं. हल्ल्यांचा आकडा भराभर चढला, पडदा लाल झाला. कोणीतरी तेच रिपोर्ट उपसत होतं. अध्यक्ष शाल हातात धरून तसेच उभे राहिले.

गुंजाळ साहेब घाईघाईने माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, आता सर्व्हर बंद करायला सांगतील.

"फोटो होईपर्यंत ती जुनी किल्ली परत लावता येईल का?"