घर क्रमांक सतरा

सकाळचे दहा. पडलेली मतं: शून्य.

"लिहा साहेब, शून्य चांगलं गोल काढा," भैयाजी म्हणाला. बोटाला शाई लावायचं काम त्याच्याकडे होतं आणि बाटलीचं बूच अजून उघडलं नव्हतं.

हरिदासनं शून्य लिहिलं. त्याच्यापुढे मतदार यादी होती. प्राणहितेकाठचं गाव, दोनशे अकरा नावं. शाळेच्या भिंतीवर बाहेरून लाल रंगात लिहिलेलं: मत देऊ नका. आठवड्यापूर्वी जंगलातले बंदूकवाले दादालोक लिहून गेले होते. त्याच भिंतीवर आतून चंद्रपूर जिल्ह्याचा जुना नकाशा. गडचिरोली वेगळा होऊन तीन वर्षं होत आली होती, नकाशाला कोणी कळवलं नव्हतं.

"गाव कुठी गेलं, वारलू?" हरिदासनं दारातल्या कोतवालाला विचारलं.

"मोहफुलं वेचाले, साहेब."

"सगळं?"

"यंदा मोह लई पडून राह्यला." वारलूनं नजर दुसरीकडे वळवली.

बारा. शून्य.

हरिदास सिंदेवाहीहून आला होता. तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून. निवडणुकीची ड्यूटी लागली की इतर जण पोट दुखतं म्हणून अर्ज करत, हा इस्त्रीचा सदरा घालून निघे.

बावन्न साली त्याचा बाप मत द्यायला सात कोस चालत गेला होता. गावच्या विहिरीवर त्याला पाणी भरू देत नसत. पण यादीत पाटलाच्या खाली त्याचं नाव होतं, आणि टेबलामागच्या साहेबानं ते सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं. मत कोणाला दिलं हे बाप पुढे विसरला. साहेबानं नाव कसं वाचलं, त्याची नक्कल मात्र मरेपर्यंत करून दाखवायचा.

यादीत नाव म्हणजे माणूस आहे. हरिदासला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

दोन. शून्य, पण

एक बाई हातपंपाजवळ उभी होती. पस्तिशीची असेल. कपाळावर ठसठशीत कुंकू. आत येत नव्हती, जातही नव्हती.

"वच्छला," वारलू खालच्या आवाजात म्हणाला. "नवरा दादालोकांसंगं गेला, चार वर्सं झाली. मागल्या साली नदीवर गोळीबार झाला, एक मुर्दा भेटला. तोंड ओळखू येत नव्हतं. कोनी म्हनते तोच, कोनी म्हनते नाई. तिले कोनी इचारलंच नाई."

"आणि ती काय म्हणते?"

"ती काई म्हनत नाई साहेब. पोलीस घरी येऊन भांडे फेकते, ती उचलून ठेवते."

हरिदासनं त्याला पाणी आणायला पाठवलं आणि बाईला हात केला. ती आली.

"नाव?"

"वच्छला."

"नवऱ्याचं नाव?"

तिनं पदर ओठांवर धरला. भैयाजी हसला. "घ्या ना बाई, उखाण्यात घ्या."

"राहू द्या. माझी आई पण घेत नव्हती," हरिदास म्हणाला. "घर नंबर?"

"सतरा."

त्यानं बोट फिरवलं. "वच्छला. पती मुखरू. बरोबर?"

तिनं मान हलवली. "आनि त्यायचं?"

"काय त्यांचं?"

"त्यायचं अलग नाव राह्यते ना. हाये का? का काई केलं त्याले?"

वच्छलाच्या वरच्याच ओळीत मुखरूचं नाव होतं. त्यावरून तालुक्याच्या कोणी लाल शाईची रेघ ओढली होती. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: मयत.

भैयाजीनं वाकून पाहिलं. "साहेब, हे तं..."

हरिदासनं पानावर तळहात ठेवला.

"आहे," तो म्हणाला. "जसंच्या तसं आहे."

"पक्कं पाहा, साहेब. मले वाचता येत नाई."

मग तो वाचू लागला. बापाला जसं कोणी वाचून दाखवलं होतं तसं, मोठ्यानं, थांबत थांबत. "घर क्रमांक सतरा. मुखरू. वय अडतीस. पुरुष."

वच्छलानं डोळे मिटले.

"अजून एक डाव."

त्यानं पुन्हा वाचलं. चार वर्षांत हे नाव गावात कोणी उच्चारलं नसेल, हरिदासच्या मनात आलं. भीतीनं दुसऱ्या कोणी नाही, आणि रीतीनं हिनंही नाही.

"बाई, आता मत देऊन जा," भैयाजी म्हणाला. "शाई लावतो, फुकट हाये."

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "मत नाई देत. मले येवढंच पाह्याचं होतं."

ती गेली. उन्हात, मागं न पाहता.

"खोटं बोलले तुमी. पाप लागन," भैयाजी म्हणाला.

"लागू द्या. पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी तिचा माणूस राहील."

पाच. शून्य. पेटी सीलबंद. हरिदासनं सही केली. इतकं हलकं त्याला कुठल्याच ड्यूटीवर वाटलं नव्हतं.

वच्छला रस्त्यानं घरी गेली नाही. नाल्यातून वळसा घेऊन, मोहफुलांची टोपली कमरेवर ठेवून, शेतातल्या खोपटीपाशी आली. ऊन कलायला लागलं होतं. आत बसलेल्या माणसानं दाढी काढलेली होती. तो आठ दिवसांपूर्वी आला होता, बंदूक नदीत टाकून. दाराशी दोघांचं एक गाठोडं बांधून तयार होतं. यादीतून नाव खोडलेलं असलं तर उद्या पहाटे बल्लारपूर, लाकडाच्या डेपोत मजुरी, नवं नाव.

"खोडलं?" त्यानं विचारलं.

"नाई. साहेबानं दोनदा वाचलं. सरकारच्या लेखी तुमी जितेच हा. अजून शोधून राह्यले तुमाले."

मुखरूनं गाठोड्याची गाठ सोडली, त्यातून आपला तेवढा सदरा काढून घेतला आणि जंगलाच्या दिशेनं चालू लागला.