हलू नका, माई

माईंच्या मेंदूतली गाठ डोळ्याच्या नसेला अगदी खेटून होती आणि तिच्यावर किरणांचा मारा करायचा होता. डोकं केसभर सरकलं तरी नजर जायची भीती. म्हणून चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा घट्ट बसवला होता, शिवाय जरा हालचाल झाली की मशीन आपोआप थांबायचं.

काचेपलीकडच्या टेक्निशियनने माइकवरून बजावलं, "माई, अजिबात हलू नका."

"बरं, बाळा," माई म्हणाल्या. जबडा हलला, मशीन थांबलं.

"माई, बोलायचंसुद्धा नाही."

"नाही बोलत हो."

मशीन पुन्हा थांबलं.

"अहो, उत्तरच देऊ नका ना!"

"चुकलं माझं. तू जेवलास का?"

त्याने कपाळाला हात लावला आणि सरळ माइक बंद करून टाकला. त्यानंतर सगळं बिनबोभाट पार पडलं.

बाहेर आल्यावर सुनेने काळजीने विचारलं, "फार त्रास झाला का हो, माई?"



"मला कसला त्रास! तो पोरगा तिथे एकटाच बसतो गं, करमत नाही बिचाऱ्याला. मी आपली त्याच्याशी दोन शब्द बोलत होते, तर मध्येच रुसून बसला."