कमी आवाजाचं मशीन

"पण याचा आवाज किती येतो?" आईने पुन्हा विचारलं.

दुकानदाराने नुकतंच पेट्रोलवरचं मशीन सुरू करून दाखवलं होतं. दोन चाकांचं, दणकट, मनगटाएवढी झुडपं सपासप कापणारं. त्याच्या दणदणाटाने कपाटाच्या काचा थरथरल्या, तरी आईचा प्रश्न तोच. लेकाने कपाळाला हात लावला. सकाळपासून तिने ना किंमत विचारली होती, ना पातं किती टिकेल ते.

"आई, घरामागचा उतार साफ करायचाय. आवाज होणारच ना! आणि शेजारचं घर तर पार पलीकडच्या टेकाडावर आहे. कुणाची झोपमोड होणार आहे?"

"आवाज लांब जातो रे," असं म्हणून आई कोपऱ्यातल्या बॅटरीवरच्या मशीनकडे वळली.

त्याला मोठंच मशीन हवं होतं. का, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. वडील गेले तेव्हा त्याने चारचौघांत आईला सांगितलं होतं, मागचं रान दरवर्षी मी येऊन काढेन, तू कोयत्याला हातसुद्धा लावायचा नाहीस. उन्हाळ्यात तिथलं गवत पेट घेतं आणि आग थेट मागच्या दाराशी येते, त्यामुळे ते काम टाळून चालत नाही. पहिल्या वर्षी तो आला, दोन दिवस राबला, हाताला फोड आले. त्यानंतर मात्र काही ना काही निघत गेलं. कधी ऑफिस, कधी मुलीची परीक्षा, कधी नुसताच कंटाळा. यायचा, एक रात्र राहायचा आणि सकाळी गाडीत बसताना "पुढच्या वेळी नक्की" म्हणून वेळ मारून न्यायचा. मग काही दिवसांनी आईचा फोन यायचा, "रान झालं बरं का साफ. काळजी करू नकोस." की याचा जीव भांड्यात! कुणी केलं, हे त्याने कधी विचारलं नाही. लावला असेल तिने एखादा माणूस, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर विचारायचं धाडसच झालं नव्हतं. आता हे धूड घेऊन द्यावं, चालवायला कुणी गडी बघून द्यावा आणि एकदाचं मोकळं व्हावं, एवढाच त्याचा बेत होता.

"चालवणार कोण?" दुकानदाराने विचारलं. "म्हणजे त्या बेताने सुचवतो."

"हाच की! दुसरं कोण आहे मला?" आई चटकन म्हणाली.

दुपारी जेवून त्याला निघायचं होतं, आणि ते आईला चांगलं माहीत होतं.

दुकानदाराचा चेहरा मात्र खुलला. "म्हणजे ते तुम्हीच होय! अहो, तुमचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले आमचे. कितीही काम असो, लेक येतो आणि एकट्याने अख्खा उतार लख्ख करून जातो, असं आई येता-जाता सांगत असतात. मी आमच्या चिरंजीवांना तुमचंच उदाहरण देतो. ते ढिम्म हलत नाहीत, ही गोष्ट वेगळी!"

त्याच्या कानशिलांची आग झाली. "नाही हो, तसं काही..."

"लाजतो तो," आईने त्याचं बोलणं तोडलं. "लहानपणापासून असाच आहे. ते छोटं काढा बघू."

दुकानदाराने मशीन खाली काढलं आणि तो बॅटरी आणायला आत गेला. लेकाने हात पुढे केला, पण आईने मशीन त्याच्याकडे दिलंच नाही. पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला, पाय रोवले, कमरेत जरा वाकून दांडा जमिनीलगत एकदा इकडून तिकडे फिरवला. तिची बाही वर सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते. काही जुने, पांढरे पडलेले, तर काहींवरची खपलीसुद्धा अजून ओली.

"आई, हे काय?"

"मांजराने ओरबाडलं," तिने बाही खाली ओढली.

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

आईने पट्टा उतरवून मशीन खाली ठेवलं. त्याला तिच्याकडे बघवेना. या वयात, त्या काट्यांत, एकटीच. आणि कौतुक कुणाचं, तर त्याचं! त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की ते दुकान सोडून पळून जावंसं वाटलं.

दुकानदाराने बॅटरी लावून कळ दाबली. टेबलफॅन लावावा तशी नुसती घूं घूं झाली. सकाळपासून पहिल्यांदाच आई हसली.

"हेच द्या!"

"बघा हं, तुमच्या उताराला हे लहान पडेल," दुकानदार म्हणाला. "मोठं एका दिवसात उरकेल, याला आठवडा लागेल."

"लागू दे."

गाडीच्या डिकीत मशीन ठेवताना लेक म्हणाला, "आई, अजून बदलून मिळेल. मोठं घेऊ या. तुझे निम्मे कष्ट तरी वाचतील गं. आवाजाचं काय एवढं धरून बसलीस?"

आईने मागे वळून दुकानाकडे पाहिलं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे वेड्या, दारात तुझी गाडी नसताना मागून मशीनचा आवाज आला, तर लोक तुला काय म्हणतील?"