हौसाबाईची कातडी

नर्स शकिलाने गुळव्या रंगरावाच्या भाजलेल्या हातावरची शेवटची जाळी उचलली. पॅराफिनमुळे ती कुठेच चिकटली नव्हती. दुधावरच्या सायीसारखी अलगद निघाली. खाली नवी, गुलाबी कातडी होती. त्याच्या बायकोच्या, हौसाबाईच्या पेशींपासून त्या जाळीखालीच वाढलेली.

"काका, कातडी ज्याची, त्याच्या सवयीही येतात हं," शकिलाने बजावलं. "मागे एका पैलवानाला सासूची कातडी लावली. आता भाकऱ्या थापल्याशिवाय त्याला चैन पडत नाही."

रंगराव हसला, पण नव्या हाताची चिमूट दोनदा जुळवून बघितली. तीस वर्षं उसाच्या उकळत्या रसाची गोळी चिमटीत धरून गुळाची काहील चुलाणावरून कधी उतरवायची ते तोच सांगत होता. पंचक्रोशीत त्याच्या हाताचं नाव होतं. आणि हौसाबाईला तर त्याने कधी चुलाणाकडे फिरकूही दिलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर हौसाबाईसकट सगळे श्वास रोखून उभे राहिले. रंगरावाने हात गार पाण्यात बुडवला, रसात घालून झटक्यात काढला आणि गोळी वळली. 'अजून जरा,' हात म्हणाला. दोन उकळ्या गेल्या आणि हात म्हणाला, 'उतरव!'

गूळ सोन्यासारखा झाला.

रंगराव आधी हाताकडे बघत राहिला, मग बायकोकडे. "तुझ्या हाताला हे कसं ठावं?"

हौसाबाईने तोंडाला पदर लावला.

"अवं, दुपारचं जेवून तुमी घोरत पडायचासा, तवा काहील काय आपली आपण उतरत हुती व्हय?"