नववा लागेपर्यंत

"आज मेन लाइन उचलायला घ्यायची," साहेब म्हणाले. "आता सायडिंगही उरलं नाही आणि सबबही उरली नाही."

कोंडीबा मुकादमानं मान हलवली. साहेबांचं खोटं नव्हतं. महिनाभर त्यानं गँगला या स्टेशनावरून त्या स्टेशनावर नुसतं फिरवलं होतं. आधी बाजूचे रूळ उचलू, मग मेन लाइन, असं साहेबांच्या गळी उतरवलं होतं. गाडी दिवाळीलाच बंद झाली होती. लढाईसाठी रूळ बोटीनं समुद्रापार बसऱ्याला न्यायचे म्हणे. न्या बापडे. पण उचललेले रूळ मालाच्या वाघिणीत घालून त्याच लाइनीवरून मागं आणायचे, म्हणून काम शेवटच्या टोकापासून सुरू व्हायचं. आणि शेवटचं टोक म्हणजे काळेखडी. काळेखडीला कोंडीबाची लेक राही नांदत होती.

लेक द्यावी तर रेल्वेच्या गावात, हे कोंडीबाचं गणित. भावकीनं तासगावाकडचं चांगलं बागायती स्थळ आणलं होतं. त्यानं ते उडवून लावलं. "तिथं जायचं तर बैलगाडीत हाडं खिळखिळी. हितं न्याहारी करून बसलं की तासाभरात लेकीच्या दारात," तो म्हणाला. ड्यूटीच्या निमित्तानं आठवड्यातून एकदा तरी तो काळेखडीला उतरायचाच. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, अशी त्यांच्यातली रीत. त्यामुळं तो उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारायचा, बरी हाईस का? राही पदर सावरत हसायची. तेवढ्यावर मुकादम खूश. परतीच्या वाटेवर आपल्या अकलेचं कौतुक गँगला ऐकवायचा. गँगला ते पाठ झालं होतं.

राहीला दिवस गेले. जावई पलटणीत, लांब कुठंतरी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कोंडीबा पौषात तिला आणायला गेला, तर विहीणबाई मनुबाई दारातच म्हणाल्या, "आठव्यात सून शीव ओलांडत न्हाई, पावणं. नववा लागला की न्या." रिवाजापुढं कोण बोलणार? पण नववा लागेपर्यंत लाइन टिकायला हवी होती. नाहीतर उरला बैलगाडीचा रस्ता, दगडाधोंड्यांचा आणि ओढ्यांचा. कोंडीबाची धाकटी बहीण अशीच पोटुशी असताना बैलगाडीतच, वाटेत गेली होती. घरापर्यंत पोचलीच नाही. ते आठवलं की त्याला घास गोड लागत नसे.

म्हणून हा सायडिंगांचा खेळ. गँगला सगळं कळत होतं. एकाच स्लीपरभोवती निम्मा दिवस काढायचा म्हणजे खऱ्या कामापेक्षा जास्त दमणूक. कंबरा मोडून आल्या होत्या. गुंडा नावाचा गडी तेवढा अधूनमधून म्हणायचा, "मुकादम, पहार जड झाली. नववा लागला काय वो?" आणि पुन्हा वाकायचा.

काल नववा लागला.

"सायब," कोंडीबा म्हणाला, "आज टोकाला जातोच. तेवढी रुळावरच्या ढकलट्रॉलीवरनं लेक घिऊन येतो. मग म्हणाल तिथनं सुरू करतो."

साहेब त्याच्याकडं बघत राहिले. "म्हणजे महिनाभर हे चाललं होतं?"

"व्हय, सायब."

साहेबही दमलेच होते. "आजचा दिवस," एवढंच म्हणाले आणि तंबूत गेले.

काळेखडीला मनुबाईंनी सुनेची ओटी भरली. शेजारणी वेशीपर्यंत आल्या. राही गाठोडं घेऊन ट्रॉलीवरच्या वाकळेवर बसली. पोट पुढं आलेलं, पण मनगटं काटकुळी झाली होती. दिवसांत काही बायका वाळतात, असं म्हणून कोंडीबानं मनाची समजूत घातली. गुंडानं आणि एका गड्यानं ट्रॉली ढकलली. चाकं कुरकुरत निघाली. मुकादम कडेनं चालू लागला. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला.

"आता कसला घोर न्हाई," तो म्हणाला. "आन् परत जायचीबी काळजी करू नगंस. मी काम आसंच रेंगाळत ठेवतो. सव्वा म्हैना झाला की ह्याच ट्रॉलीवरनं तुला आन् बाळाला काळेखडीला सोडतो."

मागं गुंडानं सुस्कारा टाकला. आणखी दोन महिने ते असलं काम.

काळेखडीचं लिंबाचं झाड दिसेनासं झालं, तेव्हा राही म्हणाली, "आबा, मला परत सोडू नगा."

"आगं, आसं काय बोलतीस?"

"गाडी हुती तवर तुमी कवा दारात उभं ऱ्हाल ह्याचा नेम न्हवता. त्या भ्यानं घरात कोण आंगाला हात लावत न्हवतं. गाडी बंद झाली त्याच दिशी सासूनं फुकणीनं मारलं. तवाधरनं रोजच हाय."

कोंडीबाचे पाय जागच्या जागी थांबले. मग तो लगबगीनं ट्रॉलीबरोबर आला. "मग पौषात आलो तवा सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी उंबऱ्याभाईरनं इचारलंसा, बरी हाईस का. सासू माझ्या मागं उभी हुती."

ट्रॉली चालत राहिली. कोंडीबानं ट्रॉलीच्या कडेला हात टेकला होता, तो तसाच राहिला. राहीनं त्या हातावर आपला हात ठेवला आणि मागं वळून न बघता म्हणाली,

"आबा, आता कामाला उशीर करू नगा. माझ्या मागनं रूळ उचलत या."